नागासाकी स्टेशनपासून पाच मिनिटांवर वसईचा एक माणूस भेटतो

जपानची ट्रिप म्हटली की आपल्याकडे यादी ठरलेली असते. टोकियो, क्योटो, फुजी पर्वत, बुलेट ट्रेन. हातात आणखी दोन दिवस असले तर हिरोशिमा. नागासाकीपर्यंत फार थोडे लोक पोचतात आणि जे पोचतात त्यांच्या डोक्यात एकच तारीख असते, 9 ऑगस्ट 1945.

पण नागासाकी स्टेशनातून बाहेर पडून पाचेक मिनिटं चाललं की एक छोटी टेकडी लागते. तिचं नाव निशिझाका. वर एक लहानसं पार्क आहे, एक म्युझियम आहे आणि ब्रॉन्झमध्ये घडवलेली 26 माणसांची एक लांबच लांब रांग आहे. सगळे समोर तोंड करून उभे. नीट बघितलं तर ते उभे नाहीत, हे लक्षात येतं. त्यांचे पाय खाली टेकलेलेच नाहीत.

या 26 जणांत वीस जपानी आहेत, चार स्पॅनिश आहेत, एक मेक्सिकोचा आहे. आणि उरलेला एक वसईचा.

हो, आपलीच वसई. चर्चगेटवरून विरार लोकल पकडल्यावर लागते ती. माणसाचं नाव गोन्सालो गार्सिया. 2008 साली केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना संतपद मिळालं तेव्हा बऱ्याच बातम्यांत त्यांना भारताच्या पहिल्या संत म्हटलं गेलं. त्याच्या 146 वर्षं आधी, 1862 मध्ये, रोममध्ये पोप नववे पायस यांनी या वसईकराला संत म्हणून जाहीर केलं होतं. कॅथलिक चर्चने संत ठरवलेला भारतात जन्मलेला हा पहिला माणूस. वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव लहान पोरालाही माहीत असतं. वसईची खाडी ओलांडली की मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तर मग वसईचा हा माणूस जपानच्या टेकडीवर पोचला कसा?

सुरुवात करावी लागते 1534 पासून. त्या वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढची दोनशे वर्षं, म्हणजे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, वसई पोर्तुगिजांकडे होती. किल्ल्यात वाडे उठले, चर्च उठली, जेझुइटांची शाळा आली. पोर्तुगालहून आलेले शिपाई इथंच लग्न करून राहू लागले. अशाच एका पोर्तुगीज शिपायाच्या आणि इथल्याच कोकणी बाईच्या पोटी 1556 च्या आसपास गोन्सालोचा जन्म झाला. वाढला तो जेझुइटांच्या हाताखाली.

जेझुइटांचं लक्ष तेव्हा जपानकडे लागलेलं होतं. ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये जपानला पोचले होते आणि त्यांच्या मागोमाग गोव्याहून एकेक तुकडी निघत होती. गोवा, मलाक्का, मकाव आणि मग जपान, असा तो समुद्रमार्ग. पंधरा-सोळा वर्षांचा गोन्सालो 1572 च्या सुमारास याच मार्गाने निघाला. नागासाकी बंदर नुकतंच, म्हणजे 1571 मध्ये, पोर्तुगीज जहाजांसाठी खुलं झालं होतं.

तिथं त्याने एक गोष्ट अशी कमावली की पुढचं सगळं आयुष्य तिच्यावर ठरलं. तो जपानी भाषा शिकला. आणि कामापुरती नव्हे, चांगली शिकला. युरोपातून आलेल्या पाद्र्यांना वर्षानुवर्षं राहूनही ही भाषा धड यायची नाही. हा पोरगा मात्र लोकांत मिसळून बोलायचा, धर्मशिक्षण द्यायचा, पाद्र्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायचा. जवळपास आठ-दहा वर्षं त्याने हे काम केलं.

जाता जाता एक गंमत. जपानी माणूस पावाला पान म्हणतो. आपला पाव आणि त्यांचं पान, दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दातून आले आहेत. म्हणजे वसईच्या बेकरीत आणि नागासाकीच्या बेकरीत पोचलेलं जहाज एकाच देशाचं. गोन्सालोला त्या अनोळखी देशात हा एक शब्द तरी ओळखीचा वाटला असेल.

त्याची इच्छा होती जेझुइट व्हायची. ते त्याला जमलं नाही. त्याला संघात घेतलं गेलं नाही. त्या काळात भारतात जन्मलेल्या, त्यातही मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला युरोपीय वरिष्ठ फारसे राजी नसायचे. भाषेसाठी माणूस हवा असायचा, पण पंगतीला शेजारी बसवायला नको असायचा. आज चारशे वर्षांनी वाचतानाही हे टोचतं, कारण यात त्या काळापुरतं असं काहीच नाही.

गोन्सालो निघून गेला आणि व्यापारात पडला. काळ व्यापाराला सोन्यासारखा होता. चीनचं रेशीम मकावमार्गे जपानला जायचं आणि बदल्यात जपानची चांदी बाहेर पडायची. दोन्हीकडची भाषा आणि माणसं ओळखणाऱ्याला तिथं काय कमी? धंद्यात त्याचं बस्तान चांगलं बसलं. पण फिरत फिरत तो मनिलाला पोचला आणि तिथं फ्रान्सिस्कन संघाच्या संपर्कात आला. या लोकांनी त्याला घेतलं. पाद्री म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. म्हणजे मिस्सा वाहायचा अधिकार नाही, पण झगा तोच आणि व्रतंही तीच. तिशीतल्या या व्यापाऱ्याने जमवलेलं सगळं सोडून दिलं.

इथं त्याची गोष्ट संपली असती तर आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. पण जपानमध्ये तोवर हवा बदलली होती.

सत्ता आता तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात होती. शेतकऱ्याच्या घरात जन्मून सगळा जपान एका छत्राखाली आणणारा माणूस. 1587 मध्ये त्याने परदेशी पाद्र्यांना देश सोडायचं फर्मान काढलं होतं, पण रेशमाचा व्यापार हवा असल्याने अंमलबजावणीकडे काणाडोळा केला होता. जेझुइट गुपचूप राहायचे, तोही बघून न बघितल्यासारखं करायचा. मग त्याचा डोळा मनिलावर गेला. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याने निरोप धाडला की आमचं वर्चस्व मान्य करा.

गव्हर्नरपुढे प्रश्न उभा राहिला. लढाई परवडणारी नव्हती, शरण जाणंही शक्य नव्हतं. त्याने फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठवायचं ठरवलं. बाउतिस्ता हुशार होते, पण त्यांना जपानी येत नव्हती. मनिलाच्या मठात ती येणारा एकजण होता.

1593 मध्ये गोन्सालो पुन्हा जपानच्या किनाऱ्यावर उतरला. ज्या देशातून तो नकार घेऊन निघाला होता, तिथं आता तो स्पेनच्या राजदूताचा दुभाषा होता. भेट झाली क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात. हे आजचं मोठं नागोया शहर नव्हे. कोरियावर स्वारी करण्यासाठी हिदेयोशीने समुद्रकाठी जो प्रचंड तळ उभारला होता, तो हा किल्ला. भोवती लाखोंची फौज. हिदेयोशीला हवी होती शरणागती, बाउतिस्ता देऊ करत होते मैत्री. या दोन शब्दांमधली दरी ज्याच्या जिभेवर होती तो माणूस वसईचा होता. दुभाषाचं काम बाहेरून सोपं दिसतं. पण रागीट राजापुढे नको असलेलं उत्तर त्याच्याच भाषेत उच्चारायचं ते वकिलाला नाही, दुभाष्याला.

भेट निभावली. मनिलाहून पुढचं उत्तर येईपर्यंत पाद्र्यांनी ओलीस म्हणून जपानमध्येच थांबायचं ठरलं आणि हिदेयोशीने त्यांना राजधानी क्योटोमध्ये राहायची मुभा दिली. त्यांनी तिथं चर्च बांधलं, मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले. ज्यांना घरच्यांनीही बाहेर काढलं होतं अशा माणसांच्या जखमा हे लोक धुवायचे. क्योटोत त्यांचं नाव झालं ते बहुतेक यामुळेच. पण जेझुइट ज्या सावधपणे वागायचे तसं फ्रान्सिस्कन वागत नव्हते. ते झगा घालून उघड फिरायचे, उघड प्रार्थना करायचे. जेझुइटांना हे अजिबात पसंत नव्हतं. एक तर जपान आपलं क्षेत्र आहे असं ते मानत होते, आणि दुसरं म्हणजे यामुळे सगळेच गोत्यात येतील ही भीती होती. दोन्ही संघांत कुरबुरी वाढत गेल्या.

आणि मग 1596 उजाडलं. सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप झाला आणि हिदेयोशीचा फुशिमीचा किल्ला कोसळला. कोरियाच्या युद्धात पैसा वाहून गेलेलाच होता. ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं सान फेलिपे नावाचं स्पॅनिश गलबत वादळात भरकटलं आणि शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटलं. आत खच्चून माल भरलेला. हिदेयोशीच्या माणसांनी तो जप्त केला.

पुढं नेमकं काय बोलणं झालं यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज नंतर वर्षानुवर्षं भांडले. प्रचलित गोष्ट अशी आहे की गलबताच्या सुकाणूवाल्याने धाक घालण्यासाठी जगाचा नकाशा पसरला, स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवले आणि राजा आधी पाद्री पाठवतो, मग मागून सैन्य, अशी फुशारकी मारली. ती खरी असो वा रचलेली, हिदेयोशीला कारण मिळालं. मालही मिळाला. दोन्ही एकदम मिळण्यात योगायोग किती होता, हे ज्याने त्याने ठरवावं.

डिसेंबरमध्ये क्योटो आणि ओसाकाच्या मठांना शिपायांनी वेढा घातला. एकूण 24 जण पकडले गेले. त्यांत फ्रान्सिस्कन होते, तीन जपानी जेझुइट होते आणि मठात, दवाखान्यात काम करणारी साधी जपानी माणसं होती. यादीत मथायस नावाचा एकजण होता, पण तो जागेवर सापडला नाही. शेजारचा दुसराच एक मथायस पुढे आला, माझंही नाव तेच आहे म्हणाला, आणि शिपायांनी त्याला धरून नेलं. फुटक्या गलबतावरून आलेला फेलिपे नावाचा मेक्सिकन तरुणही यात सापडला. तो खरं तर पाद्रीपदाची दीक्षा घ्यायला घरी निघाला होता.

3 जानेवारी 1597 ला क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता. अंमलबजावणी ज्याच्याकडे होती त्या इशिदा मित्सुनारीने तो सौम्य केला. मग गाड्यांत बसवून क्योटो, ओसाका आणि साकाई या शहरांतून धिंड काढली. आणि त्यानंतर नागासाकीकडे चालत.

ओसाका ते नागासाकी चालत, ऐन हिवाळ्यात. हिमेजी, ओकायामा, हिरोशिमा, शिमोनोसेकी, हाकाता. जवळपास महिनाभर. बर्फ, समुद्राचा वारा, रोज नवं गाव, रोज नवे बघे. इतकं लांब नेण्याचं कारण उघड होतं. वाटेतल्या प्रत्येक गावाला धडा मिळावा आणि शेवट जपानमधल्या सगळ्यात ख्रिस्ती शहरात व्हावा. वाटेत कैद्यांची सेवा करायला मागोमाग चालणारे दोघेजण होते, त्यांनाही शेवटी त्यांच्यातच धरलं. 24 चे 26 झाले ते असे.

यांत तीन मुलं होती. लुई इबाराकी 12 वर्षांचा, अँथनी 13 चा, थॉमस कोझाकी 14 चा. थॉमसचा बापही त्याच रांगेत होता. वाटेत थॉमसने आईला पत्र लिहिलं, माझी आणि बाबांची काळजी करू नको, धाकट्या भावांना सांभाळ अशा आशयाचं. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. नंतर बापाच्या कपड्यांत सापडलं.

4 फेब्रुवारीच्या रात्री त्यांना होडीतून ओमुराचा उपसागर पार करायला लावला. 5 तारखेला सकाळी ते निशिझाकावर पोचले. सगळी व्यवस्था तेराझावा हान्झाबुरो या अधिकाऱ्याकडे होती. त्याची पॉल मिकी या जेझुइटाशी जुनी ओळख होती, हात थरथरत होते बहुधा त्याचेही. त्याने छोट्या लुईला धर्म सोडलास तर जगशील, असं सुचवून बघितलं. पोरगा ऐकला नाही.

जपानी पद्धतीत क्रुसावर खिळे मारत नसत. हात, पाय आणि गळा कड्यांनी आणि दोरांनी बांधायचे, बसायला एक खुंटी असायची, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे. रांगेतली जी क्रमवारी सांगितली जाते तिच्यात गोन्सालोचा क्रूस मेक्सिकोच्या फेलिपेशेजारी होता. फेलिपे खुंटीवरून घसरला, गळ्यातल्या कड्याने गुदमरू लागला, म्हणून त्याच्यावर भाला आधी चालला. सगळ्यांत पहिला तो गेला. पृथ्वीच्या दोन टोकांची दोन माणसं, एक आज मेक्सिकोचा पहिला संत आणि दुसरा वसईचा, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

बंदी असूनही हजारो लोक टेकडीभोवती जमले होते. शवं कित्येक आठवडे क्रुसांवरच ठेवली. लोक रात्री येऊन कपड्यांचे तुकडे, रक्ताने भिजलेली माती घेऊन जायचे. हिदेयोशी पुढच्याच वर्षी मरण पावला.

जपानमध्ये मात्र वाईट दिवस आत्ता कुठे सुरू होत होते. 1614 मध्ये धर्मावर पूर्ण बंदी आली. मग देशाचे दरवाजेच बंद झाले. मेरीच्या किंवा ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून कोण ख्रिस्ती आहे हे तपासलं जाऊ लागलं. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत लोकांनी पाद्री नाही, पुस्तक नाही, चर्च नाही अशा अवस्थेत सात पिढ्या लपून धर्म सांभाळला.

आता टेकडीवरून खाली उतरा आणि शहरातली ट्राम पकडून ओउरा चर्चच्या थांब्यावर जा. चढावर दुकानांच्या रांगेत नागासाकीचा प्रसिद्ध कस्तेरा केक मिळतो, तोही मूळचा पोर्तुगीज. वर पांढरं ओउरा चर्च. व्यापारासाठी परत आलेल्या परदेशी लोकांसाठी फ्रेंच पाद्र्यांनी ते बांधलं आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे ठेवलं. चर्च अर्पण केलंय त्याच 26 जणांना, म्हणजे आपल्या वसईकरालाही. 17 मार्च 1865 ला उराकामी गावचे काही शेतकरी इथं आले. त्यातल्या एका बाईने फादर पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच सांगितलं की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे, आणि मेरीची मूर्ती कुठंय ते विचारलं. अडीचशे वर्षांनी लपलेले ख्रिस्ती असे उघड झाले. बंदी तेव्हाही उठली नव्हती. या उराकामीच्या लोकांना हद्दपार केलं गेलं, ते 1873 नंतर परतले आणि त्यांनी पै पै जोडून मोठं कॅथेड्रल बांधलं. अणुबॉम्ब फुटला तो या कॅथेड्रलपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. आज तिथं 1959 साली पुन्हा बांधलेली इमारत आहे आणि जळालेल्या काही मूर्ती अंगणात ठेवल्यात.

एका दिवसात हे तिन्ही होतं. सकाळी निशिझाका, दुपारी ओउरा, संध्याकाळी ट्रामने उराकामी आणि जवळचं शांतता उद्यान. दुसरा दिवस हाताशी असेल तर देजिमा बघा, जिथं आधी पोर्तुगीज आणि मग डच व्यापाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं. फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून आधी एक्सप्रेस आणि मग 2022 मध्ये सुरू झालेली शिंकानसेन, असं साधारण दीड तासात नागासाकीला पोचता येतं. त्या 26 जणांना हाकातापासून पुढं कितीतरी दिवस लागले होते.

निशिझाकावरचं ब्रॉन्झचं स्मारक शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांचं. संतपदाला शंभर वर्षं झाली म्हणून ते आणि मागचं म्युझियम 1962 मध्ये उघडलं. पोप जॉन पॉल दुसरे 1981 मध्ये आणि पोप फ्रान्सिस 2019 मध्ये इथं येऊन गेले. एक सूचना मात्र करून ठेवतो. चर्चच्या पंचांगात या सगळ्यांचा सण 6 फेब्रुवारीला येतो आणि नाव असतं संत पॉल मिकी आणि सहकारी. त्यामुळे गोन्सालोचं नाव शोधायला गेलात तर बहुतेकदा तो सहकाऱ्यांत सापडेल. कुठे पोर्तुगीज म्हणून, कुठे भारतीय म्हणून.

जपानचं तिकीट परवडणारं नसेल तर वसई आहेच. वसई रोडला उतरून बस किंवा रिक्षाने किल्ल्यात जा. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे, आणि शेजारच्या गास गावात संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्च आहे. तिथं हा माणूस कुणाचा सहकारी नाही.